खालच्या मजल्यावर ऐकू जाणारी प्रार्थना

शाळेच्या वेळेत दाराची बेल वाजली की आमच्या घरात कुणी हलायचं नाही, असा नियम होता. पेन्सिल हातात असेल तर ती हातातच राहायची, घास तोंडात असेल तर तो तोंडात. माझा धाकटा भाऊ योना तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला हा खेळ वाटायचा. मला वाटत नसे. मी दहाची होते आणि बेल कशी वाजते यावरून माणूस ओळखायला शिकले होते. गॅसवाला लांब दाबायचा, कुरिअरवाला तुटक दाबायचा, आणि जो कुणी हलकेच दाबून वाट बघत थांबायचा तो चौकशीला आलेला असायचा. ही दोन मुलं भर दुपारी घरात काय करतात, एवढीच ती चौकशी. आई दाराच्या भिंगाला डोळा लावून श्वास धरून उभी राही. खोटं बोलायचं नाही, असा पप्पांचा दंडक होता. "सुट्टी आहे" म्हणायचं नाही, "ताप आलाय" म्हणायचं नाही. खोटं बोलायचं नसेल आणि खरं सांगायची भीती वाटत असेल तर एकच वाट उरते, दार उघडायचंच नाही. त्या वाटेनं आम्ही बरीच वर्षं गेलो.

मी अजून तिशीची झालेली नाही. आठवणी लिहायचं हे वय नव्हे, असं मला दोघा-तिघांनी सुनावलं आहे. पण जी माणसं आठवणी लिहिण्यासाठी म्हातारपणाची वाट बघतात, त्यांच्या लिहिण्यात सगळे शेजारी प्रेमळ होऊन जातात. मला तसं व्हायला नको आहे. गारखेड्यातल्या त्या घरात आम्ही सगळेच एकमेकांवर नजर ठेवून होतो. ते आज लिहिलं नाही तर पुढं मीच ते गोड करून टाकेन.

घर वरच्या मजल्यावर होतं. खाली मालकीण राहायच्या, सुमनकाकू. त्या पैठणकडच्या. गावाकडं शेती होती आणि इथलं घर नवऱ्यानं नोकरीत असताना बांधलेलं. नवरा गेल्यावर त्यांनी वरचा मजला भाड्यानं दिला तो आम्हाला. त्याआधी आम्ही बरीच घरं बघितली होती. बोलणं जमत यायचं, पप्पा नाव सांगायचे, सॅम्युएल, आणि समोरच्या माणसाला एकदम आठवायचं की घर कालच कुणाला तरी देऊन झालंय. एका घरात राहायला मिळालं, पण मुलं दिवसभर घरात असतात म्हणून ते सोडावं लागलं. सुमनकाकूंनी मात्र एवढंच विचारलं होतं, "पाणी जपून वापरता का?" आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळे तो प्रश्न धर्माच्या आधी येतो. आई म्हणाली, जपून वापरतो. घर मिळालं. काकू पप्पांना पहिल्या दिवसापासून "फादरसायब" म्हणायच्या. पप्पा छापखान्यात कामाला होते. आपण फादर नाही, पाळकही नाही, साधे विश्वासणारे आहोत, हे ते दरवेळी समजावून सांगायचे. काकू सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं, फादरसायब."

आमच्या घरातले मोठे निर्णय पत्रिकांनी घेतलेले असत. पप्पा छापखान्यातून बाद झालेले कागद आणायचे. त्यांत लग्नपत्रिका असायच्या, निवडणुकीची पत्रकं असायची, आणि मंडळीसाठी, म्हणजे आमच्या चर्चसाठी, छापलेल्या चारपानी सुवार्तापत्रिकाही असायच्या. तंबाखूवर एक होती, हुंड्यावर एक होती, टीव्हीवर एक होती. ती टीव्हीवरची वाचून पप्पांनी आमचा टीव्ही विकला. मुलांचं शिक्षण ही आईबापांची जबाबदारी आहे, अशा अर्थाची एक आली, आणि आईनं शाळेतली नोकरी सोडून आम्हाला घरीच शिकवायला घेतलं. आईला त्या पत्रिकेची गरज नव्हती, हे मला पुढं कळलं. ती ज्या शाळेत शिकवायची तिथं पाचवीतल्या मुलांना सरळ वाचता येत नव्हतं आणि त्यांना न वाचण्याबद्दल बाकावर उभं करायचं काम तिच्याकडं होतं. तिला ते सहन होत नव्हतं. पप्पांना पत्रिका सापडली आणि आईला कारण सापडलं.

सकाळी अंड्याची भुर्जी नाहीतर रात्रीच्या भाकरीचा कुस्करा खाऊन आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. आई पोळ्या लाटता लाटता शिकवायची. अपूर्णांक भाकरीवर झाले. भाकरी चुकली तर खाऊन टाकायची, हा योनाचा नियम होता आणि त्यामुळे तो मुद्दाम चुकायचा. गणितं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर व्हायची, त्यामुळे माझ्या भागाकारामागे कुठल्या तरी उमेदवाराचे हात जोडलेले असायचे. वाचन पत्रिकांवर. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला धक्का द्यायचा, मग एक-एक मुद्दा ठोकत जायचं, हे मी तिथं शिकले. सुटलेला काना शोधून काढला की पप्पा बक्षीस म्हणून नानखटाई आणायचे. मला आजही कुठलाही मजकूर वाचताना आधी त्यातली चूक दिसते आणि मग अर्थ. हे शिक्षण चांगलं होतं, असं मी ठामपणे म्हणते. मुलांना न विचारता शाळेत घालणाऱ्याला कुणी हटवादी म्हणत नाही. न विचारता घरी ठेवणाऱ्याला सगळे म्हणतात. मलाही कुणी विचारलं नव्हतं, हेही खरंच आहे.

आमच्या आणि काकूंच्या स्वयंपाकघरांना लागून एक अरुंद, उभी, उघडी जागा होती. पाण्याचे पाइप त्यातून जायचे. तिला सगळे डक्ट म्हणत. दोन्ही खिडक्या तिच्यात उघडायच्या. त्यातून खालचं सगळं वर यायचं. काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या यायच्या, बांगड्या यायच्या, येसराची आमटी उकळायला लागली की तिचा वास यायचा आणि योना पाढा विसरायचा. काकू फोनवर गावाकडच्या माणसाशी भांडायच्या तेही आम्हाला शब्दन् शब्द कळायचं. खालच्या दाराशी कोण आलंय हे आवाजावरून ओळखायला मी डक्टच्या खिडकीशी उभी राहायचे. तुम्ही म्हणाल, मग तुमचं खाली जात नसेल का? हा प्रश्न आमच्या घरात कुणालाही पडला नाही. जी माणसं सतत कान देऊन असतात त्यांना आपणही ऐकू येतो हे सुचत नाही. आमच्याइतकं सावध कुटुंब मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या सावध कुटुंबानं ती खिडकी कधी लावली नाही.

उन्हाळ्यात काकूंची मुलगी ज्योतीताई माहेरी आली. तिच्याबरोबर मोठी पेटी होती. आठवडाभराच्या माहेरपणाला कुणी पेटी आणत नाही, असं मी योनाला सांगितलं. गच्चीवर कुरडया घालायला आई काकूंना मदत करत होती आणि मी कावळे हाकलत होते, तेव्हा काकू खाली बघतच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही म्हणून सांगते. ज्योतीला कुणी धाडलं नाय. ती तिची ती निघून आली. मारतो म्हणं. आता सगळेच मारतेत थोडं-लई, पर हिला सोसना."

"सगळे मारत नाहीत काकू," आई म्हणाली.

"फादरसायबाचं येगळं हाय." काकूंनी सोऱ्या जोरात दाबला. "दिवाळीपस्तोर निवल म्हंजी धाडते परत. तवर कुनाला बोलू नका. गल्लीत मी सांगितलंय, आराम कराया आलीय. माझ्या दिराला कळलं तर दारात पंचायत बसंल."

"माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही," आई म्हणाली. आईनं तो शब्द पाळला, असं तिला वाटत होतं.

आता इथं आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. रोज दिवेलागणीला कौटुंबिक उपासना व्हायची. टेबलावरचं पीठ पुसून तिथंच आम्ही बसायचो. एक गीत, एक वचन, आणि मग प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. पुटपुटायचं नाही. ज्याला देवाची लाज वाटते तो पुटपुटतो, असं पप्पांचं म्हणणं होतं. त्याआधी प्रार्थनेचे विषय सांगायचे. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचा मुलगा दारू पितो, सगळं नावानिशी. यात चहाडी आहे असं आमच्यात कुणाला वाटत नाही. एरवी जी गोष्ट सांगताना जीभ अडखळेल, ती "प्रार्थनेत आठवण ठेवा" असं शेपूट लावलं की खुशाल सांगता येते. मी हे चेष्टेनं लिहीत नाही. माझ्या आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना ज्योतीताईबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. तिनं फक्त देवाला सांगितलं, आणि देवाला सांगताना आम्ही तिघं टेबलाशी बसलेलो होतो.

हा विषय योनानं उचलून धरला. ज्योतीताई त्याला जिन्यात चिंचेच्या गोळ्या द्यायची. रोज, मान वर करून, घसा ताणून तो सांगायचा, "हे प्रभू येशू, ज्योतीताईचा नवरा तिला मारतो. त्याला चांगला माणूस कर. मग ज्योतीताईला तिच्या घरी परत ने. तिची पेटी पण ने. सुमनकाकू रडतात ते बंद कर. आमेन." पप्पा "आमेन" म्हणताना त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. मुलगा शेजाऱ्यासाठी रडतो, याचा त्यांना अभिमान होता.

मग खालचं वागणं बदललं. येसराची वाटी वर येईनाशी झाली. पाण्याच्या दिवशी काकू खालून "मॅडम, मोटर लावा" म्हणून ओरडायच्या, त्या ओरडल्या नाहीत आणि आमची टाकी अर्धीच भरली. आम्ही जिन्यात दिसलो की ज्योतीताई आत जायची. मी लगेच अर्थ लावला: काकूंचे कुणीतरी आमच्याविरुद्ध कान भरलेत. कुणी, ते शोधायला मी दुपारभर डक्टशी उभी राहिले. खालून फक्त भांड्यांचा आवाज आला, आणि तोही नेहमीपेक्षा कमी. खाली माणसं जपून बोलत होती. जपून बोलणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून माझा संशय पक्का झाला.

एकदा मी कचरा टाकायला खाली गेले तेव्हा काकूंनी मला जिन्यात अडवलं. "रेवका," त्या म्हणाल्या. माझं नाव रिबका आहे, पण ते त्यांना कधी जमलं नाही. "रोज तिन्हीसांजेला काय म्हनता गं तुमी?"

"प्रार्थना."

"कुनासाठी?"

मी कचऱ्याची बादली या हातातून त्या हातात घेतली. खोटं बोलायचं नाही आणि दार उघडायचं नाही, हेच मला शिकवलेलं होतं.

"दार लावून करायची असती का ती?"

"आम्ही दार नेहमीच लावतो, काकू."

"व्हय, ते बघितलंय मी," काकू म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मी वर येऊन आईला सांगितलं की काकू आपल्याला शाळेच्या माणसांच्या हवाली करणार आहेत. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि खिडकीकडं बघितलं. पण डक्टच्या खिडकीकडं नाही, रस्त्याच्या.

त्याच आठवड्यात शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंद करणाऱ्या बाई गल्लीत आल्या. त्यांच्या खांद्याला पिशवी होती आणि बरोबर एक तरुण शिक्षक होते. त्या घराघरांत जात आमच्या फाटकाशी आल्या. काकू अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी वर गच्चीच्या कठड्यामागे वाकले. मला त्यांचे शब्द नीट ऐकू येत नव्हते. बाईंनी वर बोट दाखवलं, एवढं दिसलं. काकूंनीही वर बघितलं आणि काहीतरी बरंच लांब सांगितलं. शिक्षक हसले. मग ती दोघं पुढच्या घरी गेली. मी खाली धावत जाऊन आईला म्हणाले, सांगितलं त्यांनी, सगळं सांगितलं. आईनं टेबलावरचे कागद गोळा केले आणि मग ते कुठं ठेवायचे हे न सुचून पुन्हा टेबलावर ठेवले.

पप्पा घरी आले तोवर दिवेलागण झाली होती. आई म्हणाली, आधी उपासना करू. योनानं डोळे मिटून "हे प्रभू येशू, ज्योतीताईचा नवरा" एवढं म्हटलं असेल, तोच दारावर थाप पडली. बेल नव्हे, तळहाताची थाप. मी त्या थापेची ओळख पटवू शकले नाही. पप्पांनी दार उघडलं.

काकूंनी चप्पल काढली, पण आत आल्या नाहीत. "फादरसायब, घर बघा दुसरं."

"काय झालं, सुमनताई?"

"काय झालं, ते तुमचं लेकरू रोज सांगतंय की. माझ्या ज्योतीचा नवरा मारतो, ज्योतीची पेटी, मी रडते. भांडी घासताना रोज ऐकते मी. माझी जाऊ आल्ती परवा, तिनं बी ऐकलं. म्हणली, वरचे कोन गं हायेत, तुझ्या घरातलं गानं म्हनतेत." काकूंचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या देवाला कानानं कमी येतं का, एवढं वरडून सांगता ते?"

आई खुर्चीवरून उठली आणि तशीच उभी राहिली. तिनं तेव्हा पहिल्यांदा डक्टच्या खिडकीकडं बघितलं.

पप्पांच्या तोंडात लगेच मुद्दे आले. "सुमनताई, एक समजून घ्या. प्रार्थना ही देवाशी बोललेली गोष्ट असते. ती माणसाला सांगितलेली नसते. दुसरं असं, की त्यात तुमच्या मुलीचं भलंच..."

"मला नका शिकवू," काकू म्हणाल्या. "आज त्या शाळेच्या बाई आल्त्या. वर लेकरं हायेत का, इचारलं. मी म्हनलं, हायेत, जातेत की शाळेला, लई लांबच्या जातेत, सकाळीच रिक्षा येती. चांगलं रचून सांगितलं. तो मास्तर म्हनला, आजी तुमालाच नेऊन बसवतो शाळंत. तुमच्या लेकरांसाठी मी खोटं बोलले, अन् तुमी माझ्या घरातलं खरं गल्लीला ऐकवता?"

आई म्हणाली, "चुकलं काकू." आणि पुढं काही जोडलं नाही. पप्पा काहीतरी जोडणार होते, तिनं हातानं त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात काकूंच्या मागून ज्योतीताई जिना चढून आली. ती बहुधा खालच्या वळणावर उभी राहून ऐकत होती. तिच्या ओढणीला पिठाचे हात पुसलेले होते. तिनं आईकडं, पप्पांकडं बघितलंच नाही. ती योनाशी बोलली. "योना, तू रोज मला परत पाठवतोस व्हय रे?"

योना रडवेला झाला. "तो चांगला झाल्यावर," तो म्हणाला.

"तो चांगला झाला तरी मला जायचं नाय," ज्योतीताई म्हणाली. "दिवाळीला बी नाय, त्याच्यानंतर बी नाय. तू मागत बसला अन् देवानं ऐकलं तर मी काय करू?"

काकू वळल्या. "नाय म्हंजी? मला तर असलं काय बोलली नाय तू."

"तू इचारलंस कुठं?"

त्या दारात आम्ही सगळे उभे होतो. आईनं प्रार्थना केली होती, काकूंनी बेत आखला होता, योनानं तर पेटीसकट सगळी व्यवस्था लावली होती, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिला काय हवंय हे कुणालाच माहीत नव्हतं. मला त्या वेळी यातलं काही सुचलं नाही. मी काकूंच्या तोंडाकडं बघत होते, त्या घराचं काय बोलतात ते ऐकायला. काकू एवढंच म्हणाल्या, "चल खाली. बोलू." आणि दोघी गेल्या. खालून कितीतरी वेळ बोलण्याचा आवाज येत राहिला. आईनं जाऊन खिडकी लावून घेतली. आम्ही त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा लागली आणि कडी गंजल्यामुळे नीट लागलीही नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं उपासनेचा नियम बदलला. ज्याला विचारलं नाही त्याचं नाव घ्यायचं नाही. पप्पांना हे पटायला वेळ लागला. शत्रूसाठीही प्रार्थना करा असं लिहिलेलं आहे, शत्रूला काय विचारणार, असं ते म्हणाले. आई म्हणाली, शत्रूचं नंतर बघू, आधी शेजाऱ्यांचं. मी आज मंडळीतल्या सभांना जाते तेव्हा विषय सांगायला कुणी उभं राहिलं की मी विचारते, त्यांना माहीत आहे का तुम्ही हे सांगताय? लोकांना ते आवडत नाही. मला उद्धट म्हणतात. म्हणू देत.

घर खाली करायच्या दिवसाची आम्ही रोज वाट बघत होतो, पण काकूंनी तो ठरवला नाही. पाण्याच्या दिवशी खालून हाक आली, "मॅडम, मोटर." आईनं मोटर लावली आणि गच्चीवर जाऊन टाकी भरेपर्यंत बसून राहिली. ज्योतीताई दिवाळीला परत गेली नाही. दारात पंचायत बसली. काकूंच्या दिराचा आवाज आम्ही खिडकी लावूनही ऐकला, आणि त्यावरचा काकूंचाही.

त्यानंतरच्या एका दिवेलागणीला आम्ही टेबलाशी बसतच होतो तर दार ढकलून काकू आल्या. दार उघडंच होतं. आई हल्ली ते लावायची विसरायची, किंवा विसरत नसेलही. "चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यात, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर, दुखरा गुडघा धरून हळूच बसल्या. "बघू तरी काय म्हनता ते." पप्पांनी गीत घेतलं, पण सूर चुकला. त्यांची प्रार्थना एरवी लांबलचक चालायची, ती त्या दिवशी रोजची भाकरी दे आणि क्षमा कर एवढ्यावरच आटोपली. मी एक डोळा उघडा ठेवला होता. काकूंचे दोन्ही उघडे होते.

योनाची पाळी आली. तो डोळे मिटेना. त्यानं मान वळवून उंबऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काकू, तुमचं नाव घेऊ का?"

काकूंनी थोडा विचार केला. "घे," त्या म्हणाल्या. "गुडघ्याचं तेवढं सांग. बाकी घरातलं काय नाय."